मॅडमले डबा नाई

आमच्या गावात दळणाच्या डब्यावर कोणी नाव लिहीत नाही. बाई येते, फळीवर डबा ठेवते, "बारीक दळजा भाऊ" म्हणते आणि वावरात निघून जाते. संध्याकाळी तिचा पोरगा, नवरा, सासू, कोणीही येऊन हात पुढे करतं आणि चक्कीवाल्याने बरोबर त्यांचाच डबा त्या हातात द्यायचा असतो. "कोणता तुमचा?" असं विचारणं म्हणजे अपमान. ज्याला गावाचे डबे ओळखू येत नाहीत त्याने चक्की बंद करून पानठेला टाकावा.

मी वीस-बावीस वर्षं चक्की चालवतो आहे आणि खरं सांगतो, मला ते डबे कधीच धड ओळखू आले नाहीत. माझं लक्ष एका जागी बसत नाही. गहू पेटीत ओतत असताना आर्णीच्या रस्त्यावरून एखादी अनोळखी जीप आत वळली, तर ती कोणाकडे आली हे कळेपर्यंत माझा जीव थाऱ्यावर येत नाही. एकदा हरभऱ्याच्या डाळीमागून लगेच सरपंचांची ज्वारी ओतली. मध्ये मूठभर कोंडा टाकून दगड साफ करून घ्यायचा असतो, ते राहून गेलं. त्यांच्याकडे त्या दिवशी पिवळ्या भाकरी झाल्या. सरपंचीणबाई मला अजून "बेसनवाले" म्हणतात.

लहानपणापासून हे असंच आहे. शाळेत गुरुजींनी मला दारापासून उठवलं, कारण मी बाहेर बघायचो. खिडकीपासून उठवलं, त्याच कारणासाठी. शेवटी त्यांच्या खुर्चीच्या पायाशी बसवलं, तर मी खुर्चीचे खिळे मोजले. पाच होते, सहावा निघालेला होता. पाढे मात्र सोळाच्या पुढे गेले नाहीत. मार इतका खाल्ला की घरी आई विचारायची, "आज नाई मारलं का? मंग गुरुजी आले नसतीन."

आणि माझ्याच पोटी ही पोरगी आली.

ती चार वर्षांची असल्यापासून चक्कीवर माझ्यासोबत बसायची. बोलायची अगदी थोडं. पाणी, भाकर, नको. पण एका संध्याकाळी गर्दीच्या वेळी मी तीन डबे हातात घेऊन गोंधळून उभा होतो, तेव्हा तिने त्यातला एक ओढला आणि दारात उभ्या असलेल्या म्हातारबाच्या पायाशी नेऊन ठेवला. तो त्यांचाच होता. दुसऱ्या दिवशी मी मुद्दाम परीक्षा घेतली. फळीवर वीसेक डबे होते. ज्याचं माणूस येईल त्याचा डबा ती न चुकता काढून द्यायची. माणसाच्या तोंडाकडे मात्र बघायची नाही. हातातली पिशवी, चालण्याचा आवाज, चपला, काय ओळखायची देव जाणे.

मग माझ्या लक्षात आलं की तिच्या लेखी गावात माणसं नव्हतीच, डबे होते. हा जर्मनचा, म्हणजे ॲल्युमिनियमचा, एका बाजूची कडी सैल. हा तेलाचा जुना पिपा, झाकणाला तार. हा पितळी, बुडाशी पोचा. तळहात फिरवून ती पोचा शोधायची आणि सापडला की एकदम निवांत व्हायची. शेजारच्या काकू तिच्या भाषेत "तार" होत्या. काकूंना आधी राग आला, मग त्या स्वतःच दारातून आवाज द्यायला लागल्या, "तार आली वं माय, डबा दे."

तिला अजून एक गोष्ट कळायची. पेटीतले दाणे संपत आले की दगडाचा आवाज बदलतो. तेव्हा मोटार बंद केली नाही तर दगडावर दगड घासतो, ठिणग्या उडतात, आणि मग छिन्नीने दगडाला टाकी लावणाऱ्याला बोलवावं लागतं. तो बदल मला ऐकू यायच्या आधीच ती म्हणायची, "खाली." म्हणजे रिकामं झालं. मी कोणाशी तरी गप्पा मारत असायचो. "खाली" ऐकलं की धावायचो. ती बसायला लागल्यापासून माझे दगड दुप्पट टिकले.

हीच पोरगी, नावाने हाक मारली तर मागे वळायची नाही. शाळेची घंटा झाली की कान दाबून खाली बसायची. चक्कीच्या घरघराटात मात्र तासन्‌तास मजेत. घंटा अचानक येते, चक्की सारखी चालू असते, एवढाच काय तो फरक. तो कळायला मला वर्ष लागलं.

आम्ही तिला यवतमाळला दाखवलं. तपासणाऱ्या बाई शांत होत्या. त्यांनी समोर खेळणी मांडली, पोरीने खेळणी बाजूला सारून डब्यांची झाकणं ओळीने लावली. दोन-तीन फेऱ्या झाल्यावर त्यांनी ऑटिझम म्हणून सांगितलं. तो शब्द आम्ही दोघं परतीच्या एसटीत पाठ करत आलो. "तिचं लक्ष नाही असं म्हणू नका," त्या म्हणाल्या होत्या, "लक्ष भरपूर आहे. आपण दाखवतो तिथे ते नाही, एवढंच. ती जिकडे बघते तिकडे तुम्हीही बघा."

मग त्या माझ्याकडे वळल्या. "तुम्ही या तासाभरात किती वेळा उठलात?"

"दोनदा," मी म्हटलं.

"नऊ वेळा," बायको म्हणाली.

बाई हसल्या. तुम्ही लहान असताना कोणी तपासलं असतं तर तुम्हालाही एक कागद मिळाला असता, म्हणाल्या. त्याचंही नाव त्यांनी सांगितलं, इंग्रजी चार अक्षरं होती. खोटं कशाला बोलायचं, मला आनंद झाला. चाळीस वर्षांनी कोणीतरी मला उनाड म्हणायचं सोडून दुसरं काहीतरी म्हटलं. बायको मात्र वाटभर म्हणत होती, "एकाचं सुटत नाई, एकाचं बसत नाई. मी जाऊ कोठी?"

एक गोष्ट त्या बाईंना विचारायची राहिली. विचारायला गेलो होतो तीच. पोरीने मला कधी हाक मारली नव्हती. बायकोला ती पदर ओढून "माय" म्हणायची. मला काहीच नाही. माझा डावा अंगठा चक्कीच्या जुन्या पट्ट्यात सापडून चपटा झालेला आहे, नख अर्धंच उगवतं. जवळ बसली की ती तो अंगठा धरायची आणि त्या अर्ध्या नखावरून बोट फिरवत राहायची. चाळा आहे म्हणून मी सोडून द्यायचो. तेवढा वेळ एका हाताने काम करावं लागे. पण मी हिचा कोण, हे हिला माहीत आहे का, हा किडा डोक्यातून जात नव्हता. फळीवर माझा डबा नव्हता ना. चक्कीवाल्याच्या घरचं दळण गोणीतून थेट पेटीत जातं.

पहिलीत तिला गावच्याच शाळेत घातलं. त्याच वर्षी पुसदकडून एक नवीन मॅडम बदलून आल्या होत्या. वय कमी, उत्साह दांडगा. गावात खोली घेऊन राहिल्या. त्यांनी पोरीसाठी काय नाही केलं? चित्रं लावली, गाणी म्हटली, खाली बसून तिच्या डोळ्यांसमोर डोळे नेले. पोरगी त्यांच्याआरपार बघायची. जून गेला, जुलै गेला. वर्गात मॅडम आहेत की कपाट आहे, हिला सारखंच.

मग तो बाजाराचा दिवस आला. आमच्याकडे बुधवारचा बाजार. मॅडमनी पहिलीच्या मुलांना रांगेने बाजार दाखवायला नेलं, वजनं-मापं समजावीत म्हणून. कांद्याच्या ढिगापाशी मोजलं तर एक पोर कमी.

मला निरोप आला तेव्हा मी मोटार बंद करायचंही विसरलो, पट्टा फिरता सोडून तसाच पळालो. बाजारातून ट्रॅक्टर जात होते, मोटारसायकली जात होत्या. शाळेमागे कठडा नसलेली विहीर आहे. पाच-सहा जण तिच्यात वाकून बघत होते, ते दृश्य मी आजही मनात येऊ देत नाही. मॅडम रडत होत्या. हेडमास्तर नुसतेच इकडून तिकडे फिरत होते.

आणि त्या वेळी एक गंमत झाली, जी माझ्या बाबतीत नेहमी होते. सगळे गोंधळले की माझं डोकं शांत होतं. रोज शंभर ठिकाणी उडणारं लक्ष एकदम जमिनीवर उतरतं आणि दिवसभरात सहज दिसलेलं सगळं समोर उभं राहतं. नाल्यापलीकडची एक म्हातारी आत्याबाई दळण घेऊन गेली होती. डोक्यावर पितळी डबा. बाजारातून गेली असणार. मुलांची रांगही तेव्हाच बाजारात होती.

पितळी, बुडाशी पोचा. पोरीचा सगळ्यांत आवडता.

मी नाल्याकडे धावलो. आत्याबाईच्या घरात पोरगी डब्याशेजारी मांडी घालून बसली होती, एक हात पोच्यावर, दुसऱ्या हातात भाकर-चटणी. आत्याबाईला ऐकू कमी येतं. पोरगी मागोमाग येते आहे हे तिला घरी पोचल्यावर कळलं. "तूच धाडलं ना सोबतीले?" ती मला म्हणाली. "बम शायनी हाय पोरगी. एक शबुद बोलली नाई वाटेनं." मी खाली बसलो तो पाच मिनिटं उठलो नाही.

दुसऱ्या दिवशी हेडमास्तरांनी बोलावलं. माणूस वाईट नाही. रोज आर्णीहून मोटारसायकलवर येतात, पोरांसाठी झटतात. "भाऊ, आज सापडली. उद्याचं कोणी सांगावं? शंभर पोरं आहेत माझ्याकडे, आणि ही मॅडमला ओळखतसुद्धा नाही. हाक दिली तर थांबत नाही. यवतमाळला अशा मुलांची निवासी शाळा आहे. तिथे शिकलेली माणसं आहेत. दिवाळीपर्यंत बघू. फरक पडला नाही तर तिचा दाखला तिकडे न्या."

निवासी म्हणजे पोरगी तिकडे राहणार आणि आम्ही इकडे. शाळा चांगलीच असेल, पण तिथे तिचा एकही डबा नसणार. मी घरी येऊन हे सांगितलं तर बायकोने परात आपटली. "पोरगी बराबर ओळखीच्या डब्यामागं गेली. ती नाई चुकली. चुकले तुमी सारे." मग ती रडायला लागली. मी बाहेर आलो, आणि माझा राग निघाला तो पोरीवर.

ती चक्कीच्या पायरीवर बसली होती. मी समोर उकिडवा बसलो आणि ओरडलो, "मॅडम बोलावते तं काहून नाई पाहात? सारे ओळखू येते तुले. मॅडमच काहून नाई?"

तिने फळीकडे बघितलं. डावीकडून उजवीकडे, सगळ्या फळीवरून नजर फिरवली. मग म्हणाली, "मॅडमले डबा नाई."

तीन शब्द. इतकं मोठं वाक्य तिने आयुष्यात पहिल्यांदा म्हटलं होतं, आणि ते शंभर टक्के खरं होतं. मॅडम एकट्या राहत. दुकानातून पिठाची पिशवी आणत. त्या चक्कीवर कधी आल्याच नव्हत्या. ज्याचा डबा नाही ते माणूस ओळखायचं कसं? मी त्याच क्षणी पोरीची माफी मागितली. तिचं लक्ष तेव्हा माझ्या अंगठ्यावर होतं.

आता शहाण्या माणसाने काय केलं असतं? मॅडमना सांगितलं असतं, एक डबा घ्या. मी शहाणा नव्हतो, चक्कीवाला होतो. फळीच्या कोपऱ्यात एक बेवारस डबा पडून होता. आमच्याकडे बकऱ्या राखणारे एक आबाजी होते, ते दोन वर्षांपूर्वी लेकीकडे वणीला राहायला गेले, डबा राहून गेला. चांगला डबा, फुकट जातोय, म्हणून मी तो घासूनपुसून मॅडमच्या खोलीवर नेला आणि सगळी हकिकत सांगितली. मॅडमनी नवल वाटून ऐकलं. दुसऱ्या दिवशी त्या तो डबा घेऊन वर्गात गेल्या आणि टेबलावर ठेवला.

पोरीने वर बघितलं. महिनोन्‌महिने जिने मान वर केली नाही तिने मॅडमकडे सरळ बघितलं, उठून टेबलापाशी आली, डब्यावर हात फिरवला आणि स्वच्छ आवाजात विचारलं, "आबाजी, बकरी कोठी?"

वर्ग हसून लोळला. दुपारपर्यंत शाळाभर मॅडमना आबाजी नाव पडलं. मधल्या सुट्टीत चौथीची पोरं खिडकीतून बकरीचा आवाज काढून पळत होती. मी संध्याकाळी तोंड लपवत माफी मागायला गेलो, तर मॅडम ओढणी तोंडाला लावून हसत होत्या. "भाऊ, ती माझ्याशी बोलली. आबाजी म्हणाली तरी चालेल. पण मला माझ्याच नावाने ओळखायला हवी ना? दुसऱ्याचा डबा कशाला?"

मला तेव्हा कळलं की मी केवढा गाढवपणा केला. डबा म्हणजे खुर्ची नव्हे, कोणीही येऊन बसावं. आबाजी वणीला गेले तरी पोरीच्या हिशेबी ते फळीच्या कोपऱ्यात राहत होते, आणि मी त्यांना उचलून शाळेत नेलं होतं.

पुढच्या रविवारी मॅडम आर्णीला जाऊन स्टीलचा कोरा डबा घेऊन आल्या. पाच किलो गहू भरून चक्कीवर आल्या तेव्हा पोरगी पायरीवर होती. तिने डब्याकडे एकदा बघितलं आणि तोंड फिरवलं. कोऱ्या डब्यात तिला रस नसतोच. लग्नातले आहेराचे डबे आले की ती त्यांना रिकामी भिंत बघावी तशी बघते.

"पोचा नाई ना त्याले," मी म्हटलं. "वापरात येईल तसा पडेल. वर्ष-सहा महिने लागतीन."

"दिवाळी महिन्यावर आली, भाऊ," मॅडम म्हणाल्या.

त्यांनी डबा रिकामा करून माझ्याकडे गहू दिले. पायरीवर पोरीच्या शेजारी बसल्या, डबा आडवा केला, आणि चक्कीच्या दाराला टेकू म्हणून ठेवलेला दगड उचलून हाणला एक. नवा कोरा डबा, पिशवीतून काढून दोन तास झाले नव्हते. फळीपाशी उभ्या असलेल्या शेजारच्या काकू म्हणाल्या, "काय करून राह्यल्या मॅडम? आंगात आलं काय?"

पोरीने मान वळवली.

पहिला घाव वरच्या बाजूला बसला होता. ती सरकली, तळहात त्यावरून फिरवला. नापसंतीने मान हलवली. मॅडमनी दगड उचलून धरला आणि थांबल्या. पोरीने दगडाकडे बघितलं, डब्याकडे बघितलं. मग तिने बोट उचललं आणि काठाच्या खाली चार बोटं सोडून एका जागेवर ठेवलं.

"इथे?" मॅडम म्हणाल्या.

"अठी."

मॅडमनी बरोबर तिथे मारलं. पोरीने हात फिरवला, अजून थोडं हवं असावं, पुन्हा बोट ठेवलं. पुन्हा मारलं. दोघींची डोकी त्या डब्यावर वाकून एकमेकींना टेकली होती. यवतमाळच्या बाईंनी ती बघते तिकडे बघायला सांगितलं होतं, ते आमच्या पायरीवर दगडाने होत होतं. माझ्या हातातली ज्वारी बाहेर सांडत होती आणि मी बघत होतो.

चौथ्या घावानंतर पोरीने पोच्यात अंगठा घालून बघितला. बसला. तिने मॅडमच्या ओढणीचं टोक धरलं, डब्याला लावलं आणि म्हणाली, "मॅडम."

दुसऱ्या दिवसापासून तो डबा वर्गात राहू लागला. मॅडम फळ्यापाशी गेल्या की डबा फळ्यापाशी, ओट्यावर गेल्या की ओट्यावर. डबा वाजला की पोरगी वर बघायची, आणि डब्यामागे मॅडम असायच्याच. हळूहळू ती मॅडमच्या बोटाकडे बघायला लागली, मग बोट ज्या अक्षरावर असेल त्या अक्षराकडे. अक्षरं तिने डब्यांसारखीच पाठ केली. कोणत्याला कडी आहे, कोणत्याला पोचा. "ठ" तिला विशेष आवडलं. वर्गातली पोरं तर त्याहून पुढे गेली. घरून रिकामे डबे आणून बाकावर ठेवायला लागली, म्हणजे हिला आपणही दिसू. एक पोर झाकण नसलेला रंगाचा डबा घेऊन आलं, त्याची आई चक्कीवर येऊन मला शिव्या देऊन गेली.

हेडमास्तर बघत होते पण बोलत नव्हते. दिवाळीच्या सुट्टीआधीच्या आठवड्यात मॅडमनी त्यांना गाठलं. पुन्हा मुलांना रांगेने बाहेर नेते, म्हणाल्या. हेडमास्तर नाहीच म्हणत होते. शेवटी म्हणाले, "न्या. पण मी सोबत येतो. आणि पोरगी रांग सोडून गेली तर मग भाऊंना दाखला न्यावा लागेल."

"चालेल," मॅडम म्हणाल्या.

"कुठे नेता?"

"चक्कीवर."

हे मला कळलं तेव्हा मी डोक्याला हात लावला. गावात दुसरी जागा नव्हती का? चक्की म्हणजे तिचं घर. तिथे फळीवर वीस डबे आणि त्यातला पितळी डबा नेमका त्याच दिवशी दळायला आलेला. ती रांगेत कशाला थांबेल? बायको म्हणाली, "पितळी लपवा." मी लपवायला उचललाही होता. मग वाटलं, नको. आधीच एकदा डब्यांशी खेळून हसं करून घेतलं होतं. होता तिथेच ठेवला.

सकाळी दहाच्या सुमाराला रांग आली. पुढे मॅडम, कमरेवर डबा. त्यांच्या मागे आमची पोरगी, पुढे हात करून पोच्यात अंगठा घातलेला. मागे तीसेक पोरं, शेवटी हेडमास्तर. दारापाशी येऊन रांग थांबली. पोरीची नजर फळीवर गेली, पितळीवर थांबली. पण तिने मॅडमच्या डब्यातला अंगठा काढला नाही. हेडमास्तरांनी चष्मा काढून पुसला.

मी ज्वारी ओतून चक्की चालू केली. दगड कसे फिरतात, पीठ कुठून येतं, सगळं दाखवलं. तोंडाला रुमाल, भुवया पांढऱ्या, डोक्यावर टोपी, मी कोण हे माझ्या आईनेही ओळखलं नसतं. मॅडमनी मोठ्याने विचारलं, "हे कोण आहेत?"

"चक्कीवाले काका," सगळी पोरं ओरडली.

आमची पोरगी तेवढी गप्प. ती रांगेतून निघाली. हेडमास्तर पुढे सरकले, मॅडमनी हाताने त्यांना थांबवलं. पोरगी माझ्याकडे आली, तोंडाकडे न बघता माझा डावा हात उचलला आणि अर्ध्या नखावरून बोट फिरवलं. एकदा, दोनदा. डब्याला पोचा असावा तसा तो माझा चपटा अंगठा. इतकी वर्षं मी ज्याला चाळा समजत होतो तो काय होता, हे माझ्या डोक्यात तेव्हा शिरलं. फळीवर माझा डबा नसेना का, माझा पोचा तिला पहिल्या दिवसापासून ठाऊक होता.

अंगठा सोडून ती परत आपल्या जागेवर गेली आणि मॅडमच्या डब्याला हात लावून उभी राहिली.

मी रुमालाने डोळे पुसायला गेलो आणि डोळ्यांत पीठ गेलं. हेडमास्तर काहीतरी म्हणत होते. दाखला राहू द्या शाळेतच, असं काहीसं. मी हो हो म्हणत होतो, त्यांचा हात धरून हलवत होतो, बायकोला हाक मारत होतो, बाहेर एक जीप वळली तिकडेही बघत होतो. चक्की चालू आहे हे माझ्या गावीही नव्हतं.

रांगेतून, डब्यामागून, रोजचाच आवाज आला.

"बाबा, खाली."

मी धावलो.